दोन फेऱ्यांचा हिशेब

नागपूरच्या इतवारींत 'स्टॉक' हा शब्द व्यापाऱ्याच्या तोंडीं दिवसांतून शंभर वेळां येतो. किराण्याची ओळ असो, लोखंडाची असो, कीं सराफा असो. दुकानांत विक्रीसाठीं भरून ठेवलेला जो माल, तो स्टॉक. हाच साधा बाजारी शब्द अमेरिकेंत एका मोठ्या शर्यतीच्या नांवांत जाऊन बसला आहे. 'स्टॉक कार' म्हणजे मोटारविक्याच्या दुकानांत उभी असलेली, कोणाहि गृहस्थानें पैसे मोजून घरीं न्यावी अशी मोटार. शर्यतीसाठींच घडविलेली, एकट्या चालकापुरती, उघड्या चाकांची सडपातळ गाडी निराळी. आणि सोमवारीं कामावर नेणारी व रविवारीं शर्यतींत धांवणारी ही घरची गाडी निराळी.

विदर्भांतील माणसाला हा भेद समजण्यास शंकरपटाची आठवण पुरेशी आहे. शंकरपटाचा जन्म शेतकऱ्याच्या गोठ्यांत झाला. स्टॉक कारच्या शर्यतीचा जन्म खेड्यांतल्या कारागिराच्या अंगणांत झाला. दोहोंच्या मुळाशीं ईर्ष्या एकच: माझ्या दारच्या वाहनापुढें तुझ्या दारचें वाहन टिकतें कां? पुढें पैसा आला, तशी पटाची जोडी नांगराला लावीनाशी झाली. आणि शर्यतीची मोटारहि दुकानांतल्या मोटारीशीं केवळ बाह्य आकारापुरतें नातें ठेवूं लागली. तथापि ज्या काळाची ही हकीकत आहे, त्या काळीं तें नातें बरेंच खरें होतें.

या खेळाच्या वाढीला एका चोरट्या धंद्याचाहि हातभार लागला. अमेरिकेच्या आग्नेय भागांत, व्हर्जिनिया, उत्तर कॅरोलायना, जॉर्जिया या राज्यांच्या डोंगराळ मुलुखांत, मक्याची दारू घरोघर गाळण्याची जुनी चाल होती. सरकारी कर चुकवावयाचा तर ती लपून गाळावी आणि रात्रीं शहरांत पोंचवावी लागे. १९२० ते १९३३ पर्यंत देशभर दारूबंदी होती, तेव्हां या धंद्याला ऊत आला. बंदी उठल्यावरहि कर चुकविण्याचा मोह उरलाच. वर्धा व गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांत चोरटी दारू कशी शिरते, याच्या बातम्या वाचणाऱ्यास यांत नवल वाटणार नाहीं. दारू वाहणारी मोटार वरून अगदीं सामान्य दिसे. परंतु तिच्या इंजिनाची शक्ति वाढविलेली असे, आणि मागें माल भरल्यावर गाडी खालीं बसून संशय येऊं नये म्हणून तिच्या कमानी भक्कम केलेल्या असत. असली गाडी दिवे मालवून वळणावळणाच्या रस्त्यानें पोलिसांपुढें पळविणारे तरुण रविवारीं आपापसांत पैजा मारूं लागले, तेव्हां बघ्यांची गर्दी जमूं लागली. या विस्कळित खेळाला शिस्त लावण्यासाठीं १९४७ च्या डिसेंबरांत बिल फ्रान्स या खटपटी गृहस्थानें फ्लोरिडांतील डेटोना बीच येथें शर्यती भरविणाऱ्यांना एकत्र बसविलें. त्यांतून १९४८ सालीं 'नॅसकार' ही संस्था निघाली. अस्सल स्टॉक गाड्यांची तिची पहिली शर्यत १९४९ च्या १९ जूनला शार्लट येथें झाली.

या खेळांत धांवलेल्या शेंकडों चालकांपैकीं वेंडेल स्कॉट याचें चरित्र आपल्या लोकांनीं समजून घेण्याजोगें आहे. त्यानें नॅसकारच्या सर्वोच्च वर्गांत ४९५ शर्यती केल्या आणि त्यांपैकीं एकच जिंकली. केवळ आंकडे पाहणारा म्हणेल, हा कसला पराक्रम? परंतु आंकडा कोणीं मोजला व कसा मोजला, हें पाहिल्यावांचून आंकड्याचा अर्थ लागत नाहीं.

स्कॉटचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ रोजीं व्हर्जिनियांतील डॅनव्हिल या गांवीं झाला. हें गांव कापडगिरण्यांचें व तंबाखूचें. तेथील कृष्णवर्णीय माणसाच्या नशिबीं सामान्यतः या दोहोंपैकीं एकाची मजुरी येई. वेंडेलचा बाप मोटारींचा कारागीर होता; त्याच्या हाताखालीं मुलगा यंत्रें उकलायला व जोडायला शिकला, आणि दुसऱ्याच्या गिरणींत जन्म काढावयाचा नाहीं असें त्यानें लहानपणींच ठरविलें. शाळा अर्धवट सुटली. त्यानें विटांचें बांधकाम केलें, टॅक्सी हांकली, आणि दुसऱ्या महायुद्धांत युरोपांत सैन्याच्या गाड्या दुरुस्त केल्या. त्या सैन्यांतहि गोऱ्यांच्या व काळ्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या. घरीं आल्यावर त्यानें मोटारदुरुस्तीचें दुकान घातलें. मेरी कोल्स हिच्याशीं त्याचें लग्न १९४३ सालीं झालें होतें. पुढें संसारांत सात मुलें झालीं. एवढ्या खटल्याला दुकान पुरेना, म्हणून तोहि रात्रीं दारूच्या खेपा करूं लागला. १९४९ सालीं तो सांपडला. तुरुंग चुकला, परंतु तीन वर्षें चांगल्या वर्तनाच्या हमीवर राहावें लागलें.

मोटारशर्यतींत त्याचा प्रवेश झाला तो या पोलिसांमुळेंच. १९५२ सालीं डॅनव्हिलच्या जत्रेच्या मैदानावर शर्यती भरविणाऱ्यांना प्रेक्षक कमी पडूं लागले. गोऱ्या चालकांत एक काळा चालक उभा केला तर कुतूहलानें गर्दी होईल, असा त्यांनीं व्यापारी विचार केला. गांवांत सर्वांत वेगानें गाडी हांकणारा कृष्णवर्णीय कोण, असें त्यांनीं पोलिसांना विचारलें. पोलिसांनीं वेंडेल स्कॉटचें नांव सांगितलें. ज्याचा पाठलाग करून ते थकले होते, त्याच्याविषयीं त्यांच्याइतकी खात्रीची साक्ष कोण देणार? त्या वर्षीं मे महिन्यांत स्कॉट पहिल्यानें शर्यतींत उतरला. वय तीस. प्रेक्षकांत टवाळी झाली, गाडी मधेंच बिघडली; परंतु या माणसाला आपला धंदा सांपडला. बारा दिवसांनीं लिंचबर्ग येथें हौशी चालकांची एक छोटी शर्यत त्यानें जिंकलीहि.

नॅसकारचें दार मात्र इतकें सहज उघडलें नाहीं. त्याच वर्षीं तो आपली गाडी ओढून उत्तर कॅरोलायनांतील विन्स्टन-सेलम येथें गेला. काळ्या माणसास येथें धांवतां येणार नाहीं, असें सांगून त्याला परत लाविलें. पुढें हाय पॉइंट येथें गेला. तेथें सुचविण्यांत आलें कीं, गाडी उतरवावयाची असेल तर ती एखाद्या गोऱ्या मुलाला चालवायला दे. गाडी चालेल, गाडीवाला चालणार नाहीं! स्कॉटनें भांडण केलें नाहीं. दुसऱ्या लहान संस्थांच्या शर्यती करीत, सोबतच्या गोऱ्या चालकांशीं कधीं मैत्री तर कधीं धक्काबुक्की अनुभवीत, त्यानें आपलें कौशल्य वाढविलें. एकदोन वर्षांनीं रिचमंडच्या मैदानावर नॅसकारच्या एका स्थानिक कारभाऱ्याकडे त्यानें परवान्याचा अर्ज केला. त्या कारभाऱ्यानें डेटोनाच्या वरिष्ठांना न विचारतां परवाना देऊन टाकला. मोठें दार बंद असतां लहान माणसाच्या सद्बुद्धीनें खिडकी उघडली, असा हा प्रसंग आहे. १९५९ सालीं स्कॉट व्हर्जिनिया राज्याच्या 'स्पोर्ट्समन' वर्गाचा अजिंक्यवीर ठरला, आणि १९६१ च्या मार्चांत, एकूणचाळिसाव्या वर्षीं, नॅसकारच्या सर्वोच्च 'ग्रँड नॅशनल' वर्गांत उतरला. बहुतेक चालक ज्या वयांत निवृत्तीचा विचार करितात, त्या वयांत यानें आरंभ केला.

त्याच्या पुढील कारकीर्दीचें मोल कळण्यासाठीं या खेळाचें अर्थशास्त्र थोडें पाहावें लागतें. बड्या चालकांच्या पाठीशीं मोटारींचे कारखाने असत. त्यांना नवी गाडी, जादा इंजिनें, ताजे टायर आणि पगारी कारागिरांचा ताफा मिळे. शर्यतीच्या मधेंच गाडी थांबवून पेट्रोल भरणें व चाकें बदलणें भाग असतें, आणि तेथें वांचलेला प्रत्येक क्षण धांवपट्टीवरच्या कित्येक यार्डांच्या बरोबरीचा ठरतो. स्कॉट स्वतःच मालक, स्वतःच कारागीर आणि स्वतःच चालक. त्याचा ताफा म्हणजे त्याचीं मुलें व दोनचार स्नेही. दुसऱ्यांनीं वापरून सोडलेली गाडी विकत घ्यावी, जुने सुटे भाग जमवून तिचें इंजिन बांधावें, आणि ती मोडूं न देतां शेवटपर्यंत न्यावी, ही त्याची रीत. कारण बक्षीस केवळ पहिल्यालाच नसे. ज्या क्रमानें गाडी पोंचेल त्या क्रमानें कमी-अधिक पैसे मिळत, आणि त्या पैशांतच घर, दुकान आणि पुढची शर्यत चालवावयाची असे. गाडी मोडली तर सातहि मुलांच्या ताटावर परिणाम होणार! अशा स्थितींत ४९५ पैकीं १४७ शर्यतींत तो पहिल्या दहांत आला, आणि १९६६ ते १९६९ हीं सलग चार वर्षें वार्षिक गुणांच्या यादींतहि पहिल्या दहांत राहिला. १९६६ सालीं तर त्याचा क्रम सहावा होता. श्रीमंताच्या तालमींतल्या मल्लानें कुस्ती मारणें आणि दिवसभर ओझीं वाहून आलेल्यानें ती बरोबरींत सोडविणें, यांत मोठें काय, हें जाणत्यास सांगावयास नको.

वर्णभेदाचे कांटे पावलोपावलीं होतेच. अनेक गांवीं काळ्या माणसाला हॉटेलांत खोली मिळत नसे. मग रात्र गाडींत काढावी. भोजनगृहांत बसूं देत नसत. मग शिदोरी बांधून न्यावी. नेड जॅरेटसारखे कांहीं गोरे चालक त्याला गाडी किंवा सुटे भाग देऊन साह्य करीत. उलट कांहींजण मुद्दाम त्याच्या गाडीला धडक देत. महाराष्ट्रास हें चित्र परकें वाटूं नये. पाळवणकर बाळू हा चर्मकार समाजांत जन्मलेला असामान्य गोलंदाज पुण्यांत हिंदूंच्या संघांतून खेळे, तेव्हां मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सर्वांस चाले. परंतु चहाच्या वेळीं त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांत चहा मिळे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यानें शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदूंच्या संघाचें नायकत्व त्याला मिळालें नाहीं; तें १९२३ सालीं त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल यास मिळालें. गुण वापरून घ्यावयाचा आणि मान द्यावयाची वेळ आली कीं पंक्ति वेगळी करावयाची, ही रीत समुद्राच्या दोन्ही तीरांवर एकच होती.

आतां ती एकुलती एक जिंकलेली शर्यत. ती समजण्यास प्रथम फेऱ्यांची मोजणी समजली पाहिजे. शंकरपटांत जोडी एका टोकाहून दुसऱ्या टोकास जाते. जो आधीं पोंचला तो आधीं, हें सर्वांना दिसतें. वर्तुळांत फिरणाऱ्या शर्यतीचें तसें नाहीं. तेथें डोळ्यांना जी गाडी पुढें दिसते, ती वास्तविक एक फेरी मागें असूं शकते. आणि जी मागून येतांना दिसते, ती तिला दुसऱ्यांदा गांठीत असते. म्हणून निकाल डोळ्यांवर नसून हिशेबावर असतो. त्या काळीं प्रत्येक गाडीसाठीं एक मोजणारा बसे. गाडी समोरून गेली कीं घड्याळ पाहून तो कागदावर नोंद करी, आणि शेवटीं सर्व कागद ताडून क्रम ठरे. हल्लीं गाडींत बसविलेलें विद्युत्-यंत्र हें काम करितें. तेव्हां तें माणसाच्या बोटांवर आणि माणसाच्या सचोटीवर अवलंबून होतें.

१ डिसेंबर १९६३. फ्लोरिडांतील जॅक्सनव्हिल येथें अर्ध्या मैलाच्या मातीच्या धांवपट्टीवर शंभर मैलांची, म्हणजे दोनशें फेऱ्यांची शर्यत होती. स्कॉटची गाडी नेड जॅरेटकडून घेतलेली १९६२ ची शेव्हरोलेट. तिच्यावर त्याचा नेहमींचा ३४ हा आंकडा. पट्टीला खाचा पडल्या होत्या आणि एकामागून एक गाड्या बिघडत होत्या. पंचवीस फेऱ्या उरल्या असतां स्कॉटनें रिचर्ड पेटी या प्रख्यात चालकाला मागें टाकलें. दोनशें फेऱ्या भरल्या. आतां चौकड्यांचें निशाण पडावयाचें. परंतु तें पडलें नाहीं. स्कॉट फिरतच राहिला. मग निशाण पडलें तें बक बेकर या गोऱ्या चालकासाठीं! बेकर विजयी म्हणून जाहीर झाला, त्याला चषक मिळाला, समारंभ उरकला.

स्कॉटनें निमूटपणें घरची वाट धरली नाहीं. कागद पुन्हां ताडून पाहा, अशी त्यानें मागणी केली. कित्येक तासांनीं, प्रेक्षक पांगल्यावर आणि दिवस मावळल्यावर, अधिकाऱ्यांनीं मान्य केलें कीं विजयी स्कॉटच होता. आणि तोहि थोडक्यानें नव्हे, तर पूर्ण दोन फेऱ्यांनीं. एक हजार डॉलरांचें बक्षीस त्याच्या हातीं आलें; परंतु चषक बेकरबरोबर निघून गेला होता. अधिकाऱ्यांनीं ही मोजणींतील चूक म्हटली. स्कॉटचें व त्याच्या घरच्यांचें मत वेगळें होतें. विजयी चालकाचें चुंबन सौंदर्यस्पर्धेंतील गोऱ्या युवतीनें घ्यावयाचें, असा तेथील रिवाज होता. काळ्या माणसाच्या वांट्याला तो प्रसंग भर गर्दींत येऊं नये म्हणून ही चूक झाली, असें त्यांचें म्हणणें. दोन फेऱ्यांची चूक ही थोडी चूक नव्हे. एका फेरीचा घोटाळा हिशेबांत होऊं शकतो. परंतु दोन फेऱ्या पुढें असलेला माणूस कोणालाच दिसूं नये, याला केवळ अंकगणित जबाबदार धरतां येत नाहीं. महिन्याभरानें स्कॉटला एक लाकडी, ओबडधोबड चषक देण्यांत आला.

यानंतर आणखी दहा वर्षें तो धांवला. १९७३ सालीं, एक्कावन्न वर्षांचा असतां, त्यानें मोठें धाडस केलें. आयुष्यभर जुन्या गाड्या चालवून आपली खरी लायकी कोणाला दिसलीच नाहीं, हें शल्य मनांत होतें. म्हणून त्यानें कर्ज काढून एक चांगली मर्क्युरी गाडी घेतली. अलाबामांतील टॅलाडेगाची पट्टी २.६६ मैलांची व अत्यंत वेगवान. ६ मे रोजीं तेथील शर्यतीच्या आरंभींच सुमारें वीस गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि स्कॉटची नवी गाडी त्यांत चक्काचूर झाली. त्याच्या कमरेचें हाड, बरगड्या व पाय मोडले, मूत्रपिंडास इजा झाली. गाडी गेली, कर्ज राहिलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत शार्लट येथें दुसऱ्याची गाडी घेऊन तो एकदां उतरला, बारावा आला, आणि थांबला. पुढें डॅनव्हिलच्या आपल्या दुकानांत तो मोटारी दुरुस्त करीत राहिला. १९७७ सालीं त्याच्या जीवनावर 'ग्रीझ्ड लाइटनिंग' हा बोलपट निघाला. २३ डिसेंबर १९९० रोजीं त्याचें निधन झालें.

हिशेबाची वही मात्र मिटली नव्हती. २०१५ सालीं नॅसकारच्या कीर्तिमंदिरांत त्याचें नांव लागलें. तो मान मिळालेला तो पहिलाच कृष्णवर्णीय चालक. २८ ऑगस्ट २०२१ रोजीं, त्याच्या शंभराव्या जन्मदिनाच्या आदल्या दिवशीं, डेटोना येथें नॅसकारनें जॅक्सनव्हिलच्या विजयाचा चषक त्याच्या कुटुंबीयांच्या स्वाधीन केला. मधें जवळ जवळ अठ्ठावन वर्षें लोटलीं होतीं. त्याच वर्षाच्या ४ ऑक्टोबरला बब्बा वॉलेस यानें टॅलाडेगा येथें सर्वोच्च वर्गाची शर्यत जिंकली. स्कॉटनंतर असा विजय मिळविणारा हा पहिलाच कृष्णवर्णीय. आणि ज्या पट्टीवर स्कॉटचें आयुष्य मोडलें, तीच ही पट्टी. मधल्या काळांत एक भारतीयहि या खेळांत डोकावून गेला. २०१० च्या मार्चांत नारायण कार्तिकेयन यानें डॅनव्हिलपासून फार दूर नसलेल्या मार्टिन्सव्हिल येथें नॅसकारच्या ट्रकांच्या वर्गांत पहिली शर्यत केली व तेरावा क्रम मिळविला. सावळ्या कातडीचा परदेशी चालक तेथें परवाना घेऊन राजरोस उतरला, आणि वर्षअखेरीस त्या वर्गाचा सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून प्रेक्षकांनीं त्याचीच निवड केली. ती वाट बुजवून सपाट करण्यांत कोणाचे हात सोलले होते, हें आतां निराळें सांगावयास नको.

उशिरा दिलेला चषक हा न्याय म्हणावा काय? कुटुंबाला तो मिळाला हें इष्टच झालें. परंतु १९६३ च्या त्या सायंकाळीं, हजारों लोकांच्या देखत, घामानें व मातीनें माखलेल्या माणसाच्या हातीं जो चषक यावयाचा होता, त्याची भरपाई कोणत्याहि समारंभानें होत नाहीं. इतवारींतला जुना व्यापारी दिवाळीला वहीपूजन करितो. त्याला ठाऊक असतें कीं येणें वेळेवर वसूल झालें तरच तें भांडवल, पन्नास वर्षांनीं झालें तर ती नुसती नोंद. वेंडेल स्कॉटची नोंद आतां बरोबर झाली आहे. ज्यांच्या दोन फेऱ्या आजहि कोणी मोजल्या नाहींत, अशीं माणसें प्रत्येक गांवीं, प्रत्येक कचेरींत आणि प्रत्येक मैदानावर आहेत. त्यांचा हिशेब त्यांच्या हयातींतच ताडून पाहणें, हें मोजणीला बसलेल्या प्रत्येकाचें काम आहे.